ठोकळ्यांवरची गाडी

"बूट बाहेर काढा," बाबा म्हणाले.

पुण्याहून आलेल्या त्या माणसानं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडीच्या दारापाशी बाबांनी सतरंजीची घडी घालून ठेवली होती. म्हातारा थट्टा करत नाहीये हे लक्षात आल्यावर तो हसला, खाली वाकून नाड्या सोडल्या आणि मोज्यांनिशी सतरंजीवर उभा राहिला.

"देवळात आल्यासारखं वाटतंय, काका."

बाबांना ते आवडलं. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर एवढी तरतरी मी पाहिली नव्हती. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आईच्या तेराव्यालासुद्धा त्यांनी दाढी करायचा कंटाळा केला होता.

त्या माणसाचं नाव हर्षद मोकाशी. जुन्या गाड्या जमवायचा त्याला छंद होता. पुण्याबाहेर मोठी शेड बांधून त्यानं त्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, आणि लोक तिकीट काढून बघायला येत म्हणे. दलालाकडून गाडी घेत नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. शोरूममधून ज्यानं बाहेर काढली, त्या पहिल्या मालकाच्या हातूनच घेतो. "पहिला मालक मीच," बाबा फोनवर म्हणाले होते. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. तिथून ऐकलं.

गाडी आईच्या नावावर होती. यात लपवाछपवी काही नव्हती, सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. बाबा पाटबंधारे खात्यात. स्वतःच्या नावावर गाडी घ्यायची तर वरिष्ठांना कळवा, खुलासे द्या, म्हणून त्यांनी नंबर लावला तो आईच्या नावानं. आई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. कितीतरी वर्षं थांबल्यावर फिकट हिरव्या रंगाची फियाट आमच्या कोल्हापूरच्या घरी आली, तेव्हा मी पहिलीत होते. आता आईच्या पश्चात ती विकायची तर वारस म्हणून माझी सही लागत होती. त्या सहीसाठी बाबांनी मला नाशिकहून बोलावून घेतलं होतं. कागद माझ्या पर्समध्ये होता आणि त्यावर मी अजून सही केली नव्हती.

करणारच नव्हते असं नाही. पण त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ऑगस्टमधल्या त्या दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षास्टँड गल्लीच्या कोपऱ्यावर. हॉस्पिटल फार लांब नाही. तरी तिला न्यायला इतका उशीर कसा झाला? थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणून डॉक्टर थांबले होते. आत्यानं तर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, की दारात गाडी असून वहिनीला रिक्षातनं जावं लागलं. मी बाबांना एकदाच विचारलं होतं. "पाऊस होता," ते म्हणाले, आणि उठून शेडमध्ये गेले.

पाऊस होता. बेचाळीस वर्षांच्या संसाराला एवढं उत्तर पुरतं असं त्यांना वाटत होतं.

त्या दिवसांत मी शेडमध्ये एकदाच डोकावले होते. गाडी तिरकी उभी होती, एका कोपऱ्यानं वर उचललेली. खाली जॅक तसाच पडलेला. बाबांनी एखादं काम अर्धवट टाकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, पण त्या वेळी विचार करण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेडच्या पायरीशी आईच्या चपला होत्या. त्या मी घरात आणल्या. तिचं आणि माझं माप एकच. आता अंगणात जायचं झालं की मी त्याच पायात सरकवत असे. त्या दिवशीही माझ्या पायात त्याच होत्या.

मोकाशी स्टिअरिंगमागे बसला. चाकावरून, काचेवरून, चोकच्या मुठीवरून हात फिरवला. प्रत्येक वस्तू मूळची आहे ना, हे विचारत होता आणि बाबा परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलासारखी उत्तरं देत होते. मग तो बसल्या जागी जरा हलला. उठला, शेजारी सरकला, पुन्हा मूळ जागी आला.

"काका, गाडी एवढी कमी चाललेली. मग ही बाजू अशी बसलीय कशी?"

बाबांनी आत वाकून सीटवर पंजा दाबला. पुढची सीट सलग होती. डावीकडे फुगीर, करकरीत. चालवणाऱ्याच्या बाजूला मात्र खोलगट झालेली. बाबांनी दोन्हीकडे दाबून पाहिलं. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"स्प्रिंग असेल," ते म्हणाले.

मला माहीत होतं. आईनं चाळिशीत गाडी शिकून घेतली होती, ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा गाडीवर, मैदानात, शाळेतल्या मुली कुंपणाशी उभं राहून बघत असताना. लायसन्स मिळालं त्या दिवशी तिनं पेढे आणले. बाबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, आपल्या गाडीचा क्लच नाजूक आहे. पुढं दर वेळी काही ना काही. कधी क्लच, कधी वाढलेला ट्रॅफिक, कधी नुकतंच केलेलं पॉलिश. आईनं दोन-तीनदा विचारलं, मग विचारायची थांबली. लायसन्सची मुदत संपली की मात्र न चुकता जाऊन वाढवून आणायची.

आणि दुपारी बाबा ऑफिसात असले की, निवृत्तीनंतर ते झोपले की, ती शेडमध्ये जायची. चपला पायरीशी काढून, गाडीचं दार हळूच लावून स्टिअरिंगमागे बसायची आणि त्यावर लायब्ररीचं पुस्तक टेकवून वाचायची. शाळेतून एकदा लवकर सुटल्यावर मी तिला तिथं गाठलं होतं. "इथं कुणी हाक मारत नाही," ती म्हणाली. मी ते कुणाला सांगितलं नाही. वर्षानुवर्षं ती त्या गाडीत बसून कुठं कुठं जाऊन आली असेल. गाडी जागची हलली नाही.

"काही प्रॉब्लेम नाही," मोकाशी म्हणाला. "सीट उसवू, नवीन फोम भरू, कव्हर हेच ठेवू. पत्तासुद्धा लागणार नाही कुणाला."

"करा की," बाबा म्हणाले.

मी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

मग पाटीचा विषय निघाला. त्याच्याकडे प्रत्येक गाडीसमोर एक पितळी पाटी असते. गाडीचं वर्ष आणि पहिल्या मालकाचं नाव. त्यानं बाबांना पूर्ण नाव विचारलं. बाबांनी सांगितलं, दिनकर विष्णू नेसरीकर. क्षणभर थांबून म्हणाले, पुढं निवृत्त उपअभियंता असं घालता आलं तर बघा.

"आणि आईचं नाव?" मी विचारलं. तोवर मी चहाला या एवढंच बोलले होते, त्यामुळे दोघंही दचकले. "गाडी तिच्या नावावर आहे. कुमुदिनी नेसरीकर. पहिली मालक ती."

"ते कागदोपत्री, वैजू," बाबा म्हणाले.

"कागदोपत्री म्हणूनच तुम्हाला माझी सही लागतेय ना?"

मोकाशी समजूतदार होता. अशा घरगुती कुरबुरी त्यानं पुष्कळ पाहिल्या असणार. "ताई, असं करू," तो म्हणाला. "काकूंचा गाडीबरोबरचा एखादा फोटो असेल तर द्या. छान फ्रेम करून लावू."

तसा फोटो होता. खंडेनवमीचा. दर वर्षी गाडीची पूजा आईच करायची. झेंडूची माळ घालायची, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढायची. फोटो काढून झाला की रंगाला डाग पडेल म्हणून बाबा लगेच ओल्या फडक्यानं ते पुसून टाकायचे. तो फोटो मी द्यायचं नाकारलं असं नाही. मी चहा गाळायला आत गेले.

चहा झाल्यावर मोकाशी सतरंजीवर पाठ टेकून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. बाहेर त्याचे फक्त मोजे दिसत होते. बराच वेळ आवाज नाही. मग खालून एकच शब्द आला, "वा." पुन्हा एकदा, "वा." बाबा जवळच उकिडवे बसले होते, आत बाळंतीण असावी तसे कान देऊन.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. कोल्हापूरच्या पावसात एवढी वर्षं काढलेली गाडी आणि खालच्या पत्र्याला गंजाचा ठिपका नाही, हे त्यानं कुठंच पाहिलं नव्हतं. काकांनी केलं तरी काय?

बाबांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं बाभळीच्या लाकडाचे चार ठोकळे रचून ठेवले होते, तेल पाजून काळेभोर झालेले. बाबांना खात्यात व्याख्यान द्यायची संधी कधी मिळाली नाही. ती आज मिळाली. जूनच्या सुरुवातीला गाडी जॅकवर चढवायची आणि चारी चाकांच्या बाजूला एकेक ठोकळा द्यायचा, म्हणजे टायरवर भार येत नाही आणि खालून वारा खेळतो. बॅटरी काढून घरात फळीवर ठेवायची. टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं, नाहीतर ते साचून कार्बोरेटर खातं. दसरा आला की उलट क्रमानं सगळं पूर्ववत. पावसाळ्यात गाडीला रस्ता दाखवायचाच नाही.

"एकाही वर्षी खंड नाही," बाबा म्हणाले.

मोकाशीनं ठोकळ्यांचे फोटो काढले. एक उचलून वजन बघितलं. "काका, एक मागणं आहे. हे ठोकळे पण मला द्या. गाडीशेजारी मांडून ठेवतो. लोकांना कळू दे, जपणं म्हणजे काय असतं."

"घ्या की," बाबा म्हणाले.

माझा आवाज चढला नाही. आमच्या घरी कुणाचाच चढत नाही.

"ऑगस्टमध्येही गाडी यांच्यावरच होती," मी म्हणाले.

"तेच ना, ताई. तेच तर काकांचं कौतुक आहे."

"त्या दिवशी माझ्या आईला हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं. उशीर झाला. ती गेली. तुम्ही हे ठोकळे पाटीशेजारी मांडणार असाल, तर हेही लिहा."

मोकाशीनं हातातला ठोकळा अलगद खाली ठेवला. "सॉरी," तो म्हणाला. "मला काही कल्पना नव्हती."

मी बाबांकडे बघत होते. आता ते उठून जातील, पाऊस होता म्हणतील, असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत. शेडच्या पायरीवर बसले आणि ठोकळ्यांकडे बघत बोलले.

"गाडी काढली नाही, असं नाही. काढत होतो."



"दस्तगीर फाटकात होता," ते म्हणाले. दस्तगीरभाई आमच्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले. शेजारच्या बाईंना सोडायला आले होते. आई दाराला धरून उभी, घामानं चिंब. ते बघून रिक्षातूनच ओरडले, साहेब, बसवा वैनींना, लगेच पोचवतो. "मी त्याला म्हटलं, नको. गाडी आहे आमची."

"का?" मी विचारलं.

"धो धो पाऊस, वैजू. रिक्षात दोन्हीकडून झड. ती भिजली असती." ते थांबले. "तिनं विचारलं, आपल्या गाडीनं? मी म्हटलं, हो. मग ती इथं येऊन बसली. इथंच, या पायरीवर. चपला काढून ठेवल्या बाजूला."

त्याच आता माझ्या पायात होत्या.

बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. जॅक लावला. पुढचं एक चाक ठोकळ्यावरून खाली उतरवलं, मग दुसरं. आई पायरीवरून बघत होती, घाई करू नका म्हणत होती. जॅक मागं नेला. तिसरं चाक उतरलं. चौथ्याखाली जॅक सरकवताना हात थांबला.

"टाकीत पेट्रोल नव्हतं," बाबा म्हणाले. "मीच काढलेलं. जूनमध्ये. तोवर आठवलंच नाही."

बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"आणि दस्तगीरभाई?"

"तो गेलाच नव्हता. फाटकाबाहेर थांबला होता. मी नको म्हटलं तरी."

उत्तर मिळालं की राग उतरेल अशा समजुतीत मी दोन महिने काढले होते. बाबांना आईपेक्षा गाडी प्यारी होती, एवढंच त्यांनी कबूल करावं, म्हणजे मी सही करून मोकळी होणार होते. आता ते तेवढंही म्हणत नव्हते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्यासाठी पावसात गाडी काढायची ठरवली, आणि ती त्या दिवशी. रिक्षा फाटकात उभी असताना. माझा राग होता तिथंच राहिला, फक्त त्याला आता धरायला नीटशी कड राहिली नाही.

मोकाशीनं घसा साफ केला. काहीतरी बोललं पाहिजे असं त्याला वाटलं असणार. त्याचा आवाज अगदी हळुवार होता.

"म्हणजे यंदाच्या पावसातही ती बाहेर निघाली नाही."

कोण, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"नाही निघाली," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सही कर, वैजू. घेऊन जाऊ दे यांना. मला ती डोळ्यांसमोर नको."

तेव्हा मला कळलं की इस्त्रीचा शर्ट, पॉलिश, पाटीवरचं नाव, हे सगळं ते कशासाठी करत होते. घरातून लवकर उठून जावा म्हणून नको असलेल्या पाहुण्याचीसुद्धा आपण अशीच सरबराई करतो. आज त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही त्या क्षणी मला बाबांची कीव आली असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसलं की आईची ती एक बसायची जागा, ती हा माणूस पुण्याला नेऊन उसवणार होता, आणि बाबा त्याला करा की म्हणाले होते.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"ताई, नीट विचार करा—"

"गाडी आईची आहे. तिनं विकायला काढलेली नाही."

मोकाशी चिडला नाही. असे नकार पुढं बदलतात, हे त्याला अनुभवानं माहीत असावं. त्यानं खिशातून कार्ड काढून टूलबॉक्सवर ठेवलं. मन बदललं तर फोन करा, अशी गाडी मी कितीही दिवस थांबून घेईन, म्हणाला. पायरीवर बाबा होते, म्हणून तो सतरंजीवरच बसला आणि बूट घालू लागला.

मी गाडीला वळसा घालून गेले, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसले.

"ताई," मोकाशी नाडी बांधता बांधता म्हणाला. त्याला ते अगदी सहज सुचलं. "चपला."

मी खाली पाहिलं. आईच्या चपला, अंगणातली माती लागलेल्या, बाबांनी दर रविवारी ब्रशनं झाडलेल्या त्या रबरी मॅटवर होत्या.

"असू देत," बाबा म्हणाले.

मोकाशी गेला. फाटकाची कडी वाजली. बाबा कितीतरी वेळ पायरीवरून उठले नाहीत. मग उठले, दुसऱ्या बाजूला आले. दार उघडल्यावर सवयीनं दोन्ही चपला काढल्या. तसेच अनवाणी उभे राहिले. मग पुन्हा चपला पायात घातल्या आणि आत बसले. ते डावीकडे फुगीर सीटवर, मी उजवीकडे खोलगट जागेत. त्यामुळे मी त्यांच्यापेक्षा बुटकी दिसत होते. आई होतीच त्यांच्यापेक्षा बुटकी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी जिथं रुतले होते तिकडे.

"स्प्रिंग नाही ती," ते म्हणाले.

"नाही."

"किती दिवस बसायची?"

"तुम्ही झोपलात की. रोज."

त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. शेडच्या दारातून अंगण दिसत होतं, तुळस, फाटक, आणि फाटकापलीकडची गल्ली. आईनं इतकी वर्षं पुस्तकातून मान वर करून पाहिलं असेल ते एवढंच.

"टाकी भरलेली आहे," थोड्या वेळानं बाबा म्हणाले. "त्यांना चालवून दाखवायची म्हणून काल भरली."

मी हात पुढं केला. त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही, दुसऱ्याला झाली. मला त्या गिअरची सवय नव्हती. शेडच्या उंबऱ्यावर गाडीनं दोन मोठे गचके खाल्ले, खालून काहीतरी करकरलं, आणि एकदाची ती उन्हात आली.

बाबा क्लचबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.